गोचीड ताप: पेशीत घुसलेला परजीवी आणि आपल्या एचएफ गायी

पावसाळा तोंडावर आला की माळशिरस, पंढरपूर, सांगोला पट्ट्यात संकरित गायी (एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन ह्या परदेशी जातीचं रक्त असलेल्या) तापायला लागतात. ताप १०५-१०६ पर्यंत जातो, खांद्यापुढची गाठ टम्म सुजते, दूध बघता बघता निम्म्यावर येतं आणि डॉक्टर गाठीला हात लावूनच म्हणतात, थायलेरिया आहे, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या ह्याच नावाच्या जंतूचा ताप. गोचीड कसा असतो, तो कुठं चिकटतो हे गोठेवाल्याला सांगायची गरज नाही, म्हणून ते सोडून देतो. हा जंतू पेशीच्या आत जाऊन काय करतो आणि आपल्याकडं तो एवढा महाग का पडायलाय, एवढंच इथं मांडायचंय.

जुना इतिहास थोडक्यात. गोचिडातून जनावराला रोग होतो हे १८९३ मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं, तेही ह्या रोगावर नाही, लाल लघवीच्या तापावर (आपल्याकडं बबेसिया म्हणतात तो). आपल्या रोगाचा जंतू १९०४ मध्ये कॉकेशसपलीकडच्या भागातल्या गायींत सापडला. तेव्हा तो लाल पेशीत अंगठीसारखा दिसला म्हणून सगळ्यांचं लक्ष लाल पेशींकडं गेलं. खरी भानगड त्याच्या आधी पांढऱ्या पेशीत होते.

ती अशी. पेशीच्या आत राहणाऱ्या बहुतेक परजीवींना एकच अडचण असते, पेशी त्यांना पचवायला बघते. मग मलेरियाचा जंतू स्वतःभोवती पडद्याची पिशवी करून लाल पेशीत बसतो, काळा आजारचा जंतू तर पेशीच्या पचनाच्या पिशवीतच, त्या आम्लात तग धरून राहतो. थायलेरिया यातलं काहीच करत नाही. आत शिरताना भोवती जो पडदा येतो तो काही मिनिटांतच विरघळवून टाकतो आणि पेशीच्या रसात उघडाच राहतो, म्हणजे पिशवीच नाही तर पिशवीत पचवणार काय! नंतर पेशीचे स्वतःचे बारीक धागे त्याच्याभोवती गोळा होतात. पेशी विभागायला लागली की दोन्ही बाजूंना ओढणाऱ्या त्याच धाग्यांना हा चिकटतो आणि पेशीसोबत स्वतःही दोन्हीकडं वाटला जातो. त्याला बाहेर पडून नवी पेशी शोधावीच लागत नाही. वर तो पेशीला मरू देत नाही, आत बिघाड झाला की पेशी स्वतःहून मरायला निघते ती यंत्रणाच हा बंद ठेवतो, आणि पेशी कॅन्सरसारखी वाढत सुटते. गाठ सुजते ती ह्याच्यामुळं. पण कॅन्सरसारखी असली तरी कॅन्सर नाही, कारण औषधानं आतला परजीवी मारला की तीच पेशी वाढायची थांबते. हे प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात दिसलं, आणि धाग्यांची, प्रथिनांची बारीक उकल तर २००० नंतरची आहे. ह्या जंतूचा पूर्ण जीनोम (सगळ्या जनुकांचा नकाशा) २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पेशी मरत नाही, वाढतच राहते, हाच गुण पुढं माणसाच्या कामाला आला. १९४५ मध्ये अशा पेशी काचेच्या भांड्यात वाढवता आल्या. त्या महिनोन्‌महिने वाढवत राहिलं की आतला जंतू जिवंत राहतो पण त्याचा जोर कमी होतो. १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये ह्याचीच लस झाली, आणि नंतर भारतातही त्याच पद्धतीची लस निघाली.

आता खरा वादाचा मुद्दा. साठच्या दशकाच्या मध्यापासून देशात संकरीकरणाला जोर आला, होल्स्टीन आणि जर्सीचं वीर्य गावोगाव पोचलं. हेतू वाईट नव्हता, दूध पाहिजे होतं आणि दूध वाढलंही, आज जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा पगार म्हणजे डेअरीचं दहा दिवसांचं बिल आहे. पण हा निर्णय घेताना दूध मोजलं आणि गोचीड मोजला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ह्या रोगाचा गोचीड रानापेक्षा गोठ्यात जास्त असतो, दगडी भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, आणि आपल्याकडचं कोरडं उष्ण हवामान त्याला मानवतं. खिलार ही देशी जात इथली, पिढ्यान्‌पिढ्या ह्याच गोचिडात वाढलेली. होल्स्टीनच्या पूर्वजांनी हा जंतू बघितलेलाच नव्हता. एक प्रयोग झाला होता, साहिवाल (खिलारसारखीच देशी जात) आणि होल्स्टीन वासरांना सारखाच संसर्ग दिला, साहिवाल वाचली, होल्स्टीनला तो जीवघेणा ठरला. म्हणजे जंतू दोघांच्याही पेशीत शिरतो, फरक शरीर त्यावर किती भडकतं ह्यात आहे.

समर्थक म्हणतात की धोरणात परदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवायचं होतं, लोकांनी एचएफवर परत एचएफच भरवली, मग ७५ टक्के, पुढच्या पिढीला ८७.५, त्याला धोरण काय करणार. बरोबर आहे, पण दुधाला लिटरवर भाव देणाऱ्या व्यवस्थेत शेतकरी दुसरं काय करणार होता, हेही कुणीतरी विचारायला पाहिजे.

आणि लस? ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, जिवंत पेशी आहेत त्यात, फ्रिजमध्ये टिकत नाही, वितळवली की लगेच टोचावी लागते, गाभण गायीला देत नाहीत. म्हणून ती गावात पोचवणं अवघड, असं सांगितलं जातं. पण गाय भरवायला येणाऱ्याच्या गाडीवर तोच नायट्रोजनचा कॅन असतो की! वीर्याची कांडी वाडीवस्तीपर्यंत पोचते आणि लस तालुक्याला अडते, हे मला कधी पटलं नाही. वितळल्यावर वाया जाऊ नये म्हणून एका वेळी चार-सहा जनावरं गोळा करावी लागतात ही अडचण खरी आहे, पण लाळ-खुरकुताला अख्खं गाव गोळा होतंच.

लस पोचली नाही म्हणून सगळी भिस्त बुपार्वाक्वोनच्या इंजेक्शनवर. औषध चांगलं आहे, अंगातलं रक्त कमी व्हायच्या आत दिलं तर गाय उठते. ते जंतूच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या एका प्रथिनाला जाऊन बसतं. ट्युनिशिया, इराण, सुदानमध्ये मात्र त्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेले जंतू सापडलेत, त्यांच्यावर औषध नीट चालत नाही. गोचिडावर मारायच्या फवाऱ्यांचंही तसंच व्हायलंय, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनला न जुमानणारे गोचीड भारतात बऱ्याच ठिकाणी नोंदवले गेलेत. त्यामुळं नुसती गाय फवारून भागत नाही, भिंतीच्या फटी लिंपणं, गव्हाणीखाली फ्लेमगन (आगीचा झोत मारणारं यंत्र) फिरवणं हे जुनं काम करावंच लागतं, आणि नवी गाय बाजारातून आणली की ती थेट दावणीला न बांधता आधी वेगळी ठेवून गोचीड बघावे लागतात, कारण बरी झालेली गायसुद्धा रक्तात जंतू घेऊन फिरते आणि गोचिडाला पुढच्या गायीपर्यंत जायला तेवढं पुरतं.