रीक्वालिफिकेशन, अणुवीज ऑपरेटरांचं

अणुभट्टी चालवायचं लायसन्स एकदा मिळालं म्हणजे कायमचं सुटलो असं नसतं. लायसन्स हातात असेपर्यंत ऑपरेटरने ठरावीक मुदतीत पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा द्यायची, पुन्हा पास व्हायचं, या सगळ्याला रीक्वालिफिकेशन म्हणतात. हे नीट चालतंय की नाही ते बघायचं काम नियामक संस्थेचं. या नोंदीत मुख्यतः अमेरिकेतली व्यवस्था घेतली आहे कारण तिथले नियम आणि तपासणीचे अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतात. तिथली नियामक संस्था म्हणजे न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, थोडक्यात एनआरसी, आणि मूळ नियम संघीय नियमसंहितेच्या शीर्षक १० मधल्या भाग ५५ चं कलम ५५.५९. लायसन्स दोन प्रकारचं, रिॲक्टर ऑपरेटरचं आणि सीनियर रिॲक्टर ऑपरेटरचं, आणि रीक्वालिफिकेशन दोघांनाही चुकत नाही.

ही पद्धत सुरू कधी झाली यावर मतं वेगवेगळी आहेत. बऱ्याच लिखाणात सरळ थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्या अणुवीज केंद्राच्या अपघाताकडे, म्हणजे २८ मार्च १९७९ कडे बोट दाखवतात. काही जण अजून मागे जाऊन अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांच्या ट्रेनिंगपर्यंत पोचतात, आणि सुरुवातीचे बरेच ऑपरेटर नौदलातूनच आलेले असल्यामुळे त्या मताला थोडा आधार आहे, पण सवयीचा वारसा वेगळा आणि कायद्यातला नियम वेगळा. नियम म्हणून बघायचं तर ऑपरेटरला लायसन्स हवंच हे १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यात आलं, आणि लायसन्सधारकांसाठी रीक्वालिफिकेशन प्रोग्रॅम बंधनकारक करणारं परिशिष्ट भाग ५५ ला १९७३ मध्ये जोडलं गेलं, म्हणजे अपघाताच्या साधारण सहा वर्षं आधी, आणि तेव्हा तर एनआरसीसुद्धा नव्हती, तिच्या आधीचं अणुऊर्जा आयोग होतं. त्यामुळे जन्म १९७३ चा मानणंच जास्त बरोबर वाटतं.

मग १९७९ ने काय बदललं? तर तोपर्यंत प्रोग्रॅम कागदावर होता, पण त्यातून माणूस काय शिकतो हे कोणी फारसं खोलात जाऊन विचारत नव्हतं. त्या पहाटे थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या युनिटमध्ये एक रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा प्रेशर सोडणारी झडप, उघडा अडकला, भट्टी थंड ठेवणारं पाणी बाहेर जात राहिलं, प्रेशर पडत होतं आणि तरी प्रेशरायझरमधली, म्हणजे प्रेशर सांभाळणाऱ्या टाकीतली, पाण्याची पातळी वर जाताना दिसत होती, ऑपरेटरांना वाटलं पाणी जास्त झालंय म्हणून त्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला. नंतर गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने दाखवून दिलं की ज्या सिम्युलेटरवर, म्हणजे प्लँटची नक्कल करणाऱ्या यंत्रणेवर, ही माणसं शिकली होती त्याला प्रेशर उतरतंय आणि पातळी चढतेय ही जोडी दाखवताच येत नव्हती. माणसांनी जे कधी पाहिलंच नव्हतं ते त्यांनी ओळखावं अशी अपेक्षा व्यवस्थेने ठेवली होती, आणि या विषयातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

अपघातानंतरच्या वर्षी, म्हणजे १९८० मध्ये, लेखी परीक्षेचा पासिंग निकष वाढवून एकूण ८० टक्के केला गेला. १९७९ च्याच डिसेंबरमध्ये वीज कंपन्यांनी मिळून इन्पो ही संस्था काढली, ती पुढे ट्रेनिंग प्रोग्रॅमना मान्यता द्यायला लागली. १९८२ चा अणुकचऱ्याचा कायदा आहे त्यातच एक कलम घालून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, एनआरसीला ऑपरेटर ट्रेनिंग, सिम्युलेटर आणि रीक्वालिफिकेशन परीक्षा याबद्दल काहीतरी ठोस करायला सांगितलं. एनआरसीने ट्रेनिंगच्या बाबतीत आधी नुसतं धोरणपत्रक काढून इन्पोच्या मान्यतेवर भिस्त ठेवली, ते १९९० मध्ये अपील कोर्टाने पुरेसं मानलं नाही, आणि मग १९९३ मध्ये ट्रेनिंग प्रोग्रॅम बंधनकारक करणारं कलम ५०.१२० आलं.

परीक्षा घ्यायची कोणी, हा मुद्दा याहून जास्त वादाचा. १९८७ मध्ये भाग ५५ पुन्हा लिहिला गेला, लायसन्सची मुदत २ वर्षांवरून ६ वर्षं झाली आणि त्याबरोबर अट आली की या ६ वर्षांत एकदा तरी एनआरसीने स्वतः त्या माणसाची रीक्वालिफिकेशन परीक्षा घ्यायची. १९९४ मध्ये ही अट काढून टाकली. तेव्हापासून परीक्षा कंपनी घेते आणि एनआरसी कंपनीची परीक्षा कशी होते ते तपासते. यावर एक आक्षेप असा की परीक्षा देणारा आणि घेणारा एकाच छपराखाली आले. दुसरी बाजू म्हणते की एकेक माणूस तपासत बसण्यापेक्षा प्रोग्रॅम तपासला तर दोष मुळाशी सापडतो. दुसऱ्या बाजूत तथ्य जास्त आहे असं वाटतं, पण एका अटीवर, इन्स्पेक्टर खरोखर सिम्युलेटरच्या खोलीत जाऊन उभा राहिला पाहिजे.

आजची पद्धत थोडक्यात. प्रोग्रॅमचं चक्र जास्तीत जास्त २४ महिन्यांचं, त्यात एक सर्वंकष लेखी परीक्षा आणि दरवर्षी ऑपरेटिंग टेस्ट. टेस्टमध्ये सिम्युलेटरवर प्रसंग चालवतात, पूर्ण क्रू एकत्र, मार्किंग मात्र क्रूचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, शिवाय एकेकट्याला ठरावीक कामं करून दाखवावी लागतात. नापास झालेल्याला लायसन्सच्या कामावरून बाजूला करतात, जिथे कच्चा तिथे शिकवतात, फेरपरीक्षा पास झाला की परत बसवतात. लायसन्स चालू ठेवायला दर तिमाहीत ८ तासांच्या किमान ७ किंवा १२ तासांच्या किमान ५ शिफ्ट कराव्या लागतात आणि दर २ वर्षांनी मेडिकल असतं.

एनआरसीचा इन्स्पेक्टर तपासणी प्रक्रिया ७११११.११ प्रमाणे चालतो. प्लँटवरच बसणारे इन्स्पेक्टर दर तिमाहीत क्रूला सिम्युलेटरवर आणि कंट्रोल रूममध्येही काम करताना बघतात, आणि दर २ वर्षांनी प्रादेशिक ऑफिसातून परीक्षक येऊन प्रश्नपत्रिका, सिम्युलेटरचे प्रसंग, नापासांचं पुढे काय झालं, सिम्युलेटर खऱ्या प्लँटसारखा वागतो की नाही हे सगळं खोदून बघतात. एका क्रूची परीक्षा झाली की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या क्रूची असते, त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा आले तर परीक्षेला अर्थ उरत नाही, म्हणून परीक्षेची गुप्तता हे वेगळं कलमच आहे, ५५.४९. यामागे कडू इतिहास आहे, १९८१ मध्ये थ्री माइल आयलंडच्याच पहिल्या युनिटच्या ऑपरेटरांच्या परीक्षेत कॉपी झाल्याचं उघड झालं होतं आणि युनिट पुन्हा सुरू करायची सुनावणी त्यासाठी परत उघडावी लागली. सापडलेल्या दोषाला त्याच्या सुरक्षेवरच्या परिणामानुसार हिरवा, पांढरा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो, रीक्वालिफिकेशनमधले बहुतेक दोष हिरवेच, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचे राहतात.

भारतात हे काम अणुऊर्जा नियामक परिषदेचं, म्हणजे एईआरबीचं, तिचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. कंट्रोल रूममधल्या पदांना, शिफ्ट चार्ज इंजिनिअरपासून खाली, एईआरबीचं लायसन्स लागतं आणि मुदत संपली की नूतनीकरणासाठी पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते. परिषद १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झाली, तारापूरची पहिली दोन युनिट मात्र १९६९ पासून वीज देत होती, म्हणजे मधली १४ वर्षं ऑपरेटरची पात्रता ठरवणं अणुऊर्जा खात्याच्या आतच होत होतं.