दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, लांबच्या वाटेने

ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचा मार्ग बदलला. अटलांटिकवरून पश्चिमेकडे जाणारं विमान पॅसिफिकवरून पूर्वेकडे जाऊ लागलं. नवा मार्ग सुमारे 15,300 किलोमीटरचा, जुन्यापेक्षा जवळपास 1,400 किलोमीटरने लांब. तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे दोनेक तास आधीच पोचलं.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, म्हणून!’ ते चूक आहे. मुंबईची जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते हे खरं, पण तिच्याबरोबर हवाही जाते आणि विमानही. तसं नसतं तर हेलिकॉप्टर मुंबईवर तासभर नुसतं तरंगत ठेवलं असतं आणि खाली ओमानचा किनारा आला असता. तिकिटाची गरजच नाही!

खरी करामत जेट स्ट्रीमची. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा झोत कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. पण अहवाल लिहिला एस्परांतो या कृत्रिम भाषेत, मग बाहेर वाचणार कोण?

हा वारा तयार कसा होतो, ते मात्र सावकाश पाहण्यासारखं आहे. गरम हवा प्रसरण पावते, त्यामुळे विषुववृत्ताकडे हवेचा थर जाड आणि ध्रुवाकडे पातळ. दहा किलोमीटर वर गेलं की गरम बाजूला डोक्यावर अजून बरीच हवा उरलेली असते, थंड बाजूला कमी. म्हणजे त्या उंचीवर, आपल्या गोलार्धात, वायुदाब दक्षिणेला जास्त आणि उत्तरेला कमी. हवा उत्तरेकडे निघते. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे वळत जाते; यालाच कोरिऑलिस परिणाम म्हणतात. शेवटी दाबाचा उत्तरेकडचा रेटा आणि कोरिऑलिसचा दक्षिणेकडचा रेटा सारखे होतात आणि वारा समभार रेषांना (समान दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांना) समांतर वाहू लागतो. तापमानातला फरक जितका तीव्र तितका जोर जास्त. म्हणून हिवाळ्यात हा झोत अधिक जोरकस. तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहेच, पण तो वाऱ्यामार्फत.

पंचांगानुसार पश्चिमेचा दिशाशूल, म्हणजे त्या दिशेच्या प्रवासाला अशुभ वार, रविवारी आणि शुक्रवारी असतो. लंडनला निघालेल्या विमानाला वाऱ्याचा शूल कुठल्याही वारी लागू शकतो.

‘जाताना गेलं ते येताना मिळालं’ असा हिशेबही जुळत नाही. मुंबई–लंडन 7,200 किलोमीटर धरा, विमानाचा वेग ताशी 900, वारा ताशी 100. जाताना 9 तास, येताना 7 तास 12 मिनिटं, एकूण 16 तास 12 मिनिटं. वारा नसता तर बरोबर 16. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, त्यामुळे तोटाही जास्त वेळ होत राहतो.