फिशटँकचा स्टँड: कमर्शियल प्लाय की मरीन?

तीन फुटी फिशटँकसाठी घरच्या घरी लाकडी स्टँड करायचा म्हणून प्लायच्या दुकानात गेलात, की दुकानदार आधी "कशासाठी हवाय?" विचारतो आणि पाण्याचं नाव निघताच मरीनकडे बोट दाखवतो. "हाच घ्या साहेब, एवढं वजन आहे, कमर्शियल बसेल खाली." यातला सल्ला चुकीचा नाही, कारण मात्र चुकीचं आहे. मरीन प्लायचा वजनाशी फारसा संबंध नाही. शेजारीच उभी असलेली १८ मिमीची बऱ्यापैकी कमर्शियल शीट कोरडी राहिली तर हाच टँक वर्षानुवर्षं पेलेल. सगळी मेख त्या 'कोरडी राहिली तर'मध्ये आहे.

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर त्यावरच्याचे आडवे असे रचून, मध्ये रेझिन (चिकटवणारं रसायन) लावून गरम प्रेसमध्ये दाबलेले. कमर्शियलमध्ये (शिक्क्यावर 'एमआर', म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, असतं) हे रेझिन साधारणपणे युरिया फॉर्मल्डिहाइडचं असतं. स्वस्त, पटकन पक्कं होणारं, पण सततची ओल आणि उष्णता त्याला सोसत नाही. पकड हळूहळू सुटत जाते. मरीनमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड असतं. ते एकदा पक्कं झालं की पाण्याने सुटत नाही.

भारतीय मानकांच्या चाचण्या पाहिल्या की अंतर नेमकं किती ते कळतं. आयएस ३०३ मधल्या एमआर प्लायचा तुकडा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३ तास ठेवून पापुद्रे सुटतात का ते बघतात. मरीनचं मानक आयएस ७१०. तिथे तुकडा उकळत्या पाण्यात ७२ तास काढतो. शिवाय त्यात कुठलं लाकूड चालेल हे ठरलेलं असतं आणि त्यावर कीड-बुरशीविरोधी प्रक्रियाही करावी लागते. या दोघांच्या मध्ये एक तिसरा आहे, त्याचं नाव दुकानात कमी निघतं: बीडब्ल्यूआर, म्हणजे बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट. तोही आयएस ३०३ खालीच येतो, पण त्याची चाचणी उकळत्या पाण्यात ८ तासांची. याच्याकडे पुन्हा येऊ.

आता वजनाचं बघू, कारण भीती तिथेच असते. ३६ × १८ × १८ इंचाच्या टँकचं घनफळ साधारण १९० लिटर. काठोकाठ कुणी भरत नाही, तरी पाणी, काच, खडी धरून स्टँडवर २४०-२५० किलो येतात. हे वजन उभ्या फळ्यांमधून सरळ खाली जमिनीत गेलं पाहिजे. त्यासाठी वरची फळी दोन्ही बाजूंच्या माथ्यावर टेकलेली हवी. बाजूंच्या मध्ये अडकवून नुसत्या स्क्रूवर टांगली, तर सगळा भार स्क्रूंवर येतो, आणि मग प्लाय मरीन असला काय नि कमर्शियल असला काय. दुसरी गोष्ट मागची फळी. दाराच्या जागेमुळे पुढची बाजू उघडीच असते. मागेही काही नसेल तर स्टँड तिरका होऊ शकतो. पाणी बदलताना कुणाचा धक्का लागला की आतलं पाणी हिंदकळतं आणि सगळं धूड डावी-उजवीकडे डुलतं. १२ मिमीची का होईना, अखंड मागची फळी फेविकॉल आणि स्क्रूने चारी बाजूंनी पक्की केली की हे डुलणं थांबतं. पाइपांसाठी तिला भोकं पाडा, पण अर्धी कापून टाकू नका. इतक्या सगळ्यात ग्रेडचा प्रश्न कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या.

ग्रेड लागते ती पाणी येतं तिथे. ते नेमकं कुठून येतं? टँक फुटून वगैरे नाही. तसं झालं तर स्टँडची काळजी करायला कुणाला वेळ असतो! पाणी येतं ते थोडं थोडं आणि रोज. टँकखाली आपण थर्माकोलची शीट घालतो. पाणी बदलताना काचेवरून ओघळलेले थेंब त्या थर्माकोलच्या आणि फळीच्या फटीत शिरतात आणि वारा न लागल्यामुळे तिथेच राहतात. महिन्याभराने वरच्या फळीच्या पुढच्या कडेवर बोट फिरवा: सनमायका अजून चकचकीत दिसेल, पण त्याखालची कड किंचित फुगून बोटाला उंचवटा लागेल. कमर्शियलमध्ये हाच उंचवटा पुढे पापुद्र्यांच्या फटीत बदलतो.

दुसरी जागा तळाची. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. स्टँडच्या बाजू थेट फरशीवर टेकलेल्या असतील तर त्यांच्या कापलेल्या कडा दररोज थोडं पाणी वर ओढून घेतात. याला मरीन हा खरा उपाय नाही. खाली कडप्पाच्या किंवा ग्रॅनाइटच्या पट्ट्या घाला आणि लाकूड जमिनीपासून उचला. आणि तिसरी जागा कपाटाच्या आतली: तिथे सम्प (टँकचं पाणी गाळायला खाली ठेवलेली दुसरी टाकी) असेल तर बंद दारामागे वाफ कोंडते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली, त्यात ही भर. सम्प असेल तर मी वाद घालणार नाही, सरळ मरीन घ्या आणि दाराला किंवा मागे हवा जायला जागा ठेवा.

पण इथेच उलटा गैरसमज सुरू होतो: मरीन घेतला म्हणजे आता पाण्याची चिंता नाही. मरीनचं रेझिन पाण्याला दाद देत नाही, पण पापुद्रे शेवटी लाकडाचेच. पाणी मिळालं की तेही फुगतात, सुकले की आकसतात, आणि वर्षानुवर्षं ओले राहिले तर खराबही होतात. उघड्या कडा सोडलेला मरीन आणि कडा नीट बंद केलेला बीडब्ल्यूआर शेजारी शेजारी ठेवले, तर स्टँडसाठी मी दुसरा उचलेन. सम्प नसलेल्या साध्या टँकला बीडब्ल्यूआर पुरतो, असंच माझं मत आहे. मरीनवरचे जास्तीचे पैसे चांगल्या फिल्टरला लावा.

कमर्शियल घेऊन पैसे वाचवावेत का? तीन फुटी स्टँडच्या बाबतीत हिशेब मजेशीर आहे. वरची आणि तळाची फळी ३६ × १८ इंच, मागची ३६ × ३०, दोन बाजू आणि मधला आधार प्रत्येकी १८ × ३०. हे सगळं ८ × ४ फुटांच्या एकाच शीटमधून निघतं. फक्त करवतीची जाडी धरून उंची पाव इंचाने कमी करा. म्हणजे वर मरीन, आत कमर्शियल अशी वाटणी करायची म्हटली तर दोन शीट घ्याव्या लागतील आणि दोन्ही अर्ध्या उरतील. सुतार घरात मोठं काम करत असेल आणि तुकडे उरलेले असतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर एकच बरी शीट घ्या आणि काटकसर दारांवर करा. दारांवर वजन येत नाही आणि ती खराब झाली तरी बिजागऱ्या काढून बदलता येतात.

दुकानात ओळखायचं कसं, हा अवघड भाग. मरीन आणि कमर्शियल, दोन्हींचा वरचा पापुद्रा बहुतेक वेळा तांबूसच असतो, तेव्हा रंगावर जाऊ नका. कडेला पाहिलं तर फिनॉलच्या रेघा गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या दिसतात आणि युरियाच्या फिकट. पण रेझिनमध्ये रंग मिसळूनही काळी रेघ आणता येते, त्यामुळे तोही पुरावा कच्चाच. शीटवर नुसतं '७१०' छापलेलं पुरेसं नाही. आयएसआय चिन्ह, त्यासोबत आयएस क्रमांक आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आणि कुठल्या मालासाठी आहे ते दिसतं. आयएस क्रमांक आणि ग्रेड बिलावरही लिहून घ्या. आणि शंका असेलच तर कापताना उरलेला काडेपेटीएवढा तुकडा जुन्या पातेल्यात दोन-तीन तास उकळा. एमआर असेल तर पापुद्रे बहुतेक तेवढ्यातच कडेने सुटू लागतात. खिडकी उघडी ठेवा आणि ते पातेलं परत स्वयंपाकात नेऊ नका.

जोडकामात एक गोष्ट हमखास राहून जाते. शीट मरीनची आणली जाते आणि सांधे मात्र सुताराच्या पिशवीतल्या साध्या पांढऱ्या फेविकॉलने चिकटवले जातात. तो फेविकॉल एसएच असतो, कोरड्या फर्निचरसाठी उत्तम. इथे डब्यावर मरीन लिहिलेला मागून घ्या. सांधे सुकले की सनमायका लावण्याआधी प्रत्येक कापलेल्या कडेवर, पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या आतून आणि जमिनीकडच्या बाजूवरही प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात, किंवा इपॉक्सी, मारा. पहिला हात कड बघता बघता पिऊन टाकते, म्हणून दुसरा टाळू नका.