जुन्या मस्टँगची ट्रॅकसाठी तयारी

१९६०च्या दशकातली अमेरिकन मसल कार सरळ रस्त्यावर सुसाट पळायला बनलेली, तिला घाटवळणांवर आणि रेस ट्रॅकवर जोरात पण भरवशाने चालवता यावं म्हणून तिच्यात जे फेरफार करतात त्याला ट्रॅक प्रेप म्हणतात. या कामासाठी भरपूर वापरली जाणारी गाडी म्हणजे १९६५-६६ची फोर्ड मस्टँग, म्हणून ही नोंद तिच्यावरच आहे. काटेकोर बोलायचं तर मस्टँग ही पोनी कार, म्हणजे लहान, स्पोर्टी गाडी, आणि मसल कार म्हणजे १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओसारखी, मध्यम आकाराच्या बॉडीत भलंमोठं इंजिन बसवलेली गाडी, पण बोलताना लोक दोघींना एकाच पंगतीत बसवतात.

तयारीचा क्रम फार महत्त्वाचा असतो आणि बहुतेक जण नेमका तिथेच चुकतात. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग तापून बंद पडता कामा नये, आणि हे सगळं झाल्यावर इंजिनाची ताकद. २८९ घनइंची व्ही-८ म्हणजे ८ सिलिंडरचं, ४.७ लिटरचं इंजिन, ते मुळातच त्या ब्रेक आणि सस्पेंशनच्या मानाने जास्त आहे, मग पहिला खर्च कॅमशाफ्ट आणि कार्बोरेटरवर कशाला करायचा.

शेल्बीने घालून दिलेला धडा

मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये लोकांसमोर आली. वरून देखणी, पण खालचा सांगाडा फोर्डच्या साध्या फाल्कन गाडीचा. तिला शर्यतीत उतरवायचं काम माजी रेसर आणि गाड्या बनवणारा कॅरोल शेल्बी याच्याकडे आलं. शर्यती भरवणाऱ्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या नियमात बसायला गाडी दोन सीटांची हवी होती आणि तशा १०० गाड्या तयार दाखवायच्या होत्या, म्हणून मागचं सीटच काढून टाकलं. यातून १९६५ची जीटी३५० आली. तिचं इंजिन २७१ हॉर्सपॉवरवरून ३०६वर गेलं, म्हणजे वाढ फक्त ३५ची, आणि बाकीची मेहनत गाडीच्या खाली: पुढे डिस्क ब्रेक, कोनीचे शॉकअप, वळणावर गाडी कमी कलू देणारा १ इंच जाडीचा अँटी रोल बार, फास्ट स्टिअरिंग, मागे दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारं लॉकिंग डिफरन्शियल. या गाडीने १९६५, १९६६ आणि १९६७ असं सलग ३ वर्षं बी-प्रॉडक्शन या विक्रीच्या गाड्यांवर आधारलेल्या वर्गाचं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. आज कुणीही जुनी मस्टँग तयार करायला घेतो तेव्हा तो कळत-नकळत त्याच यादीवरून चालत असतो.

एक इंच खाली

त्या यादीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम म्हणजे पुढचा वरचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाक बॉडीला जोडणारा दांडा, १ इंच खाली बसवणं. लोक याला शेल्बी ड्रॉप म्हणतात पण मूळ डोकं फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांचं, त्यामुळे आर्निंग ड्रॉप म्हणणंच जास्त योग्य. कंपनीच्या मापात गाडी वळणावर कलली की बाहेरच्या बाजूचं चाक वरून बाहेर झुकतं, म्हणजे ज्या चाकावर सगळा भार आलाय तेच टायरच्या कडेवर उभं राहतं आणि नाक वळणाबाहेर सरकत जातं. आर्म खाली घेतला की स्प्रिंग दबताना तो चाकाचं डोकं आत ओढतो आणि टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतो.

काम एवढंच की शॉक टॉवरच्या, म्हणजे पुढची स्प्रिंग आणि शॉकअप बसतात त्या उभ्या घराच्या, पत्र्यात टेम्प्लेट लावून नवी भोकं पाडायची आणि आर्म तिथे कसायचा. मात्र या गाडीत पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवरच बसलेली असते आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणारा चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर असल्याशिवाय हात लावू नये. एक इंचाने भागतं तर दीड करू असा मोहही नको, कारण तेवढं खाली गेलं की आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट आपल्या मर्यादेपर्यंत जाऊन अडायला लागतो आणि वेगळी पाचर बसवावी लागते.

अलाइनमेंटही नव्याने करावं लागतं. जुने आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेल्या) टायरसाठी होते, आताच्या रेडियलला ते चालत नाहीत. ट्रॅकवर जाणारे साधारण दीड ते २ डिग्री निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं डोकं आत झुकलेलं) आणि जमेल तेवढा, ३-४ डिग्री, पॉझिटिव्ह कॅस्टर (चाक वळतं तो अक्ष वरून मागे झुकलेला) ठेवतात.

ब्रेक

साध्या मस्टँगला चारही चाकांना ड्रम ब्रेक, व्ही-८ला १० इंची. रोजच्या वापरात त्यांची काही तक्रार नसते पण ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या जोरदार ब्रेकनंतर पेडल खाली खाली जायला लागतं, कारण ड्रम तापला की तो फुगून लायनरपासून लांब जातो, डिस्क तापली तर उलट ती पॅडकडेच सरकते. म्हणून पुढे डिस्क बसवणं हे काम टाळताच येत नाही. १९६५मध्ये फोर्डने स्वतःच केल्सी-हेझचे ४ पिस्टनवाले ११.३ इंची डिस्क ऑप्शन म्हणून दिले होते आणि आजही तोच सेट अनेक जण लावतात. मागे ड्रम ठेवले तरी चालतं, फक्त मागचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह टाकायचा, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होतात.

१९६७च्या आधीच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा भाग) एकाच सर्किटचा असतो, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. हा बदलल्याशिवाय गाडी घराबाहेरसुद्धा काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा ताजा डबा किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५पर्यंत उतरू शकते, म्हणून ट्रॅकच्या आधी ताजं ऑइल भरायचंच.

बॉडी, पाटे, इंजिन

मस्टँगला वेगळी चेसिस नाही, पुढची आणि मागची रेल, म्हणजे तळाची लांब पोलादी तुळई, मध्ये जोडलेली नसते, त्यामुळे बॉडी पिळवटते आणि सस्पेंशनमध्ये घातलेले पैसे वाया जातात. खालून दोन्ही रेल जोडणारे सबफ्रेम कनेक्टर वेल्ड करतात आणि वर बोनेटखाली दोन्ही शॉक टॉवर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) बांधणारा अखंड एक्सपोर्ट ब्रेस लावतात. परदेशी जाणाऱ्या गाड्यांना खराब रस्ते सोसायचे म्हणून तो दिला जायचा, त्यावरून हे नाव.

मागे स्प्रिंगच्या जागी पाटे असतात. क्लच सोडून दणका दिला की पाटा एस आकारात वळतो आणि चाक उड्या मारतं, त्यावर पाट्याला वळू न देणारा ट्रॅक्शन बार हा जुना उपाय.

इंजिनात ताकदीपेक्षा जगण्याची काळजी घ्यायची. लांब वळणावर इंजिनखालच्या चेंबरमधलं ऑइल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात, म्हणून आत आडोसे असलेलं चेंबर बसवतात. वळणात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही असंच एका बाजूला चढतं आणि इंजिन अडखळतं, तेव्हा वाटीतली पातळी राखणाऱ्या फ्लोटची लेव्हल नीट लावावी लागते. मोठा रेडिएटर हवाच, आणि फॅनभोवतीचं कव्हर काढून ठेवलं असेल तर ते परत लावा.

सुरक्षा

या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. डिकी उघडून मॅट उचला, समोर दिसतो तो टाकीचाच पत्रा, आणि डिकी आणि केबिनच्या मध्ये मागच्या सीटशिवाय फारसं काही नाही. मागून धडक बसली तर पेट्रोल थेट आत येऊ शकतं. म्हणून सीटमागे पूर्ण पत्र्याची भिंत घालतात, ट्रॅकवर नेहमी जाणारे फ्युएल सेल, म्हणजे सहज न फुटणारी रेसिंगची टाकीच बसवतात. त्या काळच्या गाडीला फक्त कमरेचा पट्टा असायचा, तेव्हा खांद्याचे बेल्ट आणि रोल बार हेही सोबत.

पहिल्या दिवशी १५-२० मिनिटांच्या वर एका दमात चालवू नये. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारायची, पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतात, चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. मग गाडी निवली की चाकांचे नट टॉर्क रेंचने परत तपासायचे आणि खाली वाकून टॉवरभोवतीच्या वेल्डिंगला कुठे तडा गेलाय का ते टॉर्च मारून बघायचं.