पार्किंग भरपूर, म्हणून कोंडी नाही?

नागपुरात वर्धा रोडवर काय किंवा आणखी कुठे, मोठे संकुल उभे राहणार म्हटले की ‘तळघरात पार्किंग भरपूर आहे, मग रस्त्यावर कोंडी कशाला होईल’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पार्किंगमुळे थांबलेल्या गाड्यांची सोय होते, कोंडी मात्र ये-जा करणाऱ्या वाहनांमुळे होते, आणि मालाचा मोठा ट्रक (हे सोयीस्करपणे विसरले जाते) मोटारींच्या तळघरात सहसा उतरूच शकत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या १९९० च्या शहरी रस्त्यांविषयीच्या मार्गदर्शिकेत एक ट्रक २.२ ते ३.७ मोटारींइतका धरला आहे, तोही धावता असताना. तो रस्त्यात उभा राहिला की साडेतीन मीटरची एक मार्गिकाच जाते. इतवारीच्या बाजारात हमाल पोती उतरवीत असताना मागे अडकलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच आवारात ट्रकांसाठी किती जागा हव्यात हे काढताना गर्दीच्या तासात येणाऱ्या ट्रकांच्या संख्येला प्रत्येकाच्या थांबण्याच्या वेळेने (तासांत) गुणावे लागते. समजा, तासाला ६ ट्रक आले आणि प्रत्येक ४० मिनिटे थांबला, तर आवारातच ४ जागा हव्यात, आणि सगळे एकदम आले तर त्याही अपुऱ्या. ‘माल रात्रीच येतो’ हे उत्तर दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोला लागू पडत नाही.