पार्श्वभूमी : गोदावरीच्या पूररेषा संगणकावर कशा आल्या

१९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नाशिकमध्ये गोदाकाठच्या पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर पोहोचू शकते हे दाखवणाऱ्या रेषा, आखल्या गेल्या. तेव्हापासून निळी आणि लाल रेषा हे शब्द इथल्या घराघरांत पोहोचले आहेत. बांधकाम परवानगी अडली, वाड्याची पुनर्बांधणी थांबली, प्लॉटचा भाव पडला की या रेषांचे नाव निघते. या रेषा नदीच्या संगणकीय प्रतिमानातून, रोजच्या बोलण्यात 'मॉडेल'मधून, निघतात. त्या मॉडेलमध्ये कोणी काय भरले, याची चर्चा मात्र फार कमी होते.

वाहत्या पाण्याची समीकरणे जुनी आहेत, १८७१ मध्ये फ्रान्समध्ये मांडलेली. हाताने ती सोडवणे जवळपास अशक्य होते. दुसऱ्या महायुद्धानंतर संगणक आले, १९५० मध्ये संगणकावर हवामानाचा पहिला अंदाज काढला गेला आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या ओहायो नदीचा पूरही गणिताने वाहवून पाहिला गेला.

आपल्याकडे तोवर मॉडेल म्हणजे विटा, सिमेंट आणि खरेखुरे पाणी. पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात, आणि नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावरच्या 'मेरी' या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत १९५९ पासून धरणांची, सांडव्यांची (धरणातले जादा पाणी सोडण्याच्या वाटांची), नदीपात्रांची लहान रूपे बांधून अभ्यास होत आला आहे. १:१०० प्रमाणाच्या अशा मॉडेलमध्ये लांबी शंभरपट कमी होते, वेळ दहापट आणि विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, एक लाखपट. म्हणजे एक लाख क्युसेकचा पूर दाखवायला एक क्युसेक, सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी पुरते. पाणी कुठे उसळते, पुलाच्या खांबामागे कुठे खरवडते, हे डोळ्यांनी दिसते. या कामाचे मोल आजही कमी झालेले नाही. सांडव्याखालची घुसळण संगणकाला अजून पुरती पकडता येत नाही.

१९९५ नंतर दोन गोष्टी जुळून आल्या. जलविज्ञानाच्या मोठ्या प्रकल्पातून राज्यातल्या पर्जन्यमापकांच्या आणि नदी मापन केंद्रांच्या नोंदी संगणकावर येऊ लागल्या, आणि अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी तयार केलेले नदीप्रवाहाचे सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट मिळू लागले. नदीचे ठरावीक अंतरावरचे आडवे छेद, पात्राचा खडबडीतपणा आणि विसर्ग दिला की ते प्रत्येक छेदावरची पातळी सांगते. त्या पातळ्या नकाशावर जोडल्या की पूररेषा तयार.

खरी गुंतागुंत आहे ती विसर्गाच्या आकड्यात. राज्यात १९८९ च्या परिपत्रकापासून निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी बांधली आहे. '२००८ ला येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही,' असे गोदाकाठी सर्रास ऐकू येते, आणि ते धोकादायक आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. यंदा आला तरी पुढच्या वर्षीची शक्यता तेवढीच राहते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. निळ्या रेषेच्या पुराची तर ७० टक्क्यांच्या वर.

हा आकडा काढायचा कशावरून? शहराच्या वरच्या अंगाचे गंगापूर धरण स्वातंत्र्यानंतरचे. त्याआधीची गोदावरी मोकळी वाहत होती, नंतरची दारांतून सुटते. दोन्हींच्या नोंदी एकाच माळेत ओवता येत नाहीत, आणि धरणानंतरच्या पन्नास-साठ वर्षांवरून शंभर वर्षांचा पूर काढणे म्हणजे नोंदींच्या पलीकडचे अनुमान. शिवाय धरणाखालच्या शहरासाठी कोणता विसर्ग धरायचा? सांडवा पूर्ण क्षमतेने सुटला असे मानायचे, की दारे टप्प्याटप्प्याने उघडली असे? सप्टेंबरमध्ये धरण काठोकाठ भरलेले हवे असते, कारण पुढे शहराचे पिण्याचे पाणी, शेतीची आवर्तने आणि जायकवाडीचा हिस्सा त्यावरच असतो. भरलेल्या धरणात पूर झेलायला जागा नसते. गंगापूरच्याही वर किकवी नदीवर धरण झाले तर रेषा आत, नदीकडे सरकेल, असा युक्तिवाद जागामालकांकडून वर्षानुवर्षे होतो. मॉडेलमध्ये ते धरण घातले तर रेषा सरकेलही. पण न बांधलेल्या धरणाच्या भरवशावर आज परवानगी देणे माझ्या मते नदीकाठच्या भाडेकरूंना पाण्यात ढकलणे आहे. मालकांचे नुकसान खरे आहे. त्यावर मोबदल्याचा, टीडीआरचा (दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काचा) मार्ग काढावा, विसर्गाच्या आकड्याला हात लावू नये.

खडबडीतपणाचेही असेच. दगडगोटे, झाडोरा असलेल्या पात्राला ०.०३५ च्या आसपास गुणांक धरतात, काँक्रीटला ०.०१५ च्या आसपास. रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट झाले. कागदावर तिथे पाणी वेगाने पुढे जाते आणि पातळी उतरते. प्रत्यक्षात खाली पूल आणि बंधारे ते तुंबवतात, आणि तुंबलेले पाणी सरस्वती नाल्यातून उलटे सराफ बाजारात शिरते. नाला मॉडेलमध्ये घातलाच नाही तर बाजार कोरडा दिसतो.

म्हणून पारख लागते ती जुन्या खुणांची. नाशिककर पूर मोजतात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: कमरेला लागला, छातीला लागला, डोक्यावरून गेला. त्याहून मोठा असेल तर काठच्या नारोशंकर मंदिराची घंटा. १९६९, २००८, २०१६, २०१९ या वर्षांच्या अशा खुणा, त्या त्या वेळच्या विसर्गासह, मॉडेलशी ताडून पाहता येतात. ज्या मॉडेलला २०१९ चे पाणी मारुतीवर योग्य उंचीला दाखवता येत नाही, त्याची लाल रेषा मानायची कशी?

अलीकडे मॉडेल द्विमितीय झाली, पाणी गल्लीबोळांत पसरताना दिसू लागले. उपग्रहाची फुकट उंची-माहिती मात्र ३० मीटरच्या चौकोनांत मिळते. एका चौकोनात अख्खा वाडा, त्यापुढची गल्ली आणि घाटाच्या पायऱ्या गडप होतात. जुन्या नाशिकसाठी जमिनीवरची मोजणी किंवा ड्रोन-लेसर सर्वेक्षण लागतेच.

२००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्यानंतर गर्दीच्या सिम्युलेशनची भाषा इथे रुजली. २०१५ ला पावले मोजणाऱ्या चटयांपर्यंत प्रयोग झाले. २०२७ च्या सिंहस्थातली अमृतस्नाने (पूर्वीची शाहीस्नाने) ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसाळ्यात आहेत. गर्दीच्या मॉडेलला घाटाची रुंदी लागते, आणि ती रुंदी त्या दिवशी गंगापूरमधून किती क्युसेक सुटले आहेत यावर ठरते. ही दोन गणिते एकत्र मांडायची तर धरलेला विसर्ग, वापरलेले छेद आणि जुन्या पुरांशी झालेली जुळवणी पूररेषेच्या नकाशासोबतच प्रसिद्ध व्हायला हवी. हरकत घेणाऱ्याला आज मिळतो तो फक्त रेघ मारलेला नकाशा.