पाळी आठ दिवस चुकली, म्हणजे पाच आठवडे झाले

पाळी आठ दिवस चुकली की बाई म्हणते, दिवस जाऊन आठवडा झाला. डॉक्टर पाच आठवडे लिहितात, कारण मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होते. गोळ्यांनी गर्भपात भारतात नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत करता येतो. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं की मुदत संपत येते.

पहिली गोळी मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅमची. गर्भपिशवीचं अस्तर धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची जागा ती अडवून बसते. त्या दिवशी बहुतेकींना फारसं काही जाणवत नाही, आणि ‘गोळी लागूच पडली नाही’ असं वाटतं. पण अजून मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या राहिलेल्या असतात. मूळचं हे अल्सरवरचं औषध. एक-दोन दिवसांनी ते घेतलं की काही तासांत कळा सुरू होतात, पाळीपेक्षा जास्त अंगावरून जातं, गाठी पडतात. थंडी वाजते, जुलाबही होतात. त्या दिवशी घरात कुणीतरी सोबत हवं.

सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजून चिंब होत असतील, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आधीच हिमोग्लोबिन कमी असेल, तर हे फार महाग पडतं. गर्भ पिशवीत नसून बाजूच्या नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोगच नाही. एका बाजूला असह्य दुखणं, चक्कर येणं ही त्याची खूण. म्हणून मेडिकलमधून परस्पर पाकीट आणणं धोक्याचं. आणि गोळ्या फसल्या तर गर्भ तसाच ठेवायचा नसतो, मिसोप्रोस्टॉलने बाळात व्यंग येऊ शकतं. मग पिशवी साफ करून घ्यावी लागते.

नवऱ्याची सही? कायद्याला ती नको. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते, लग्न झालेलं असो वा नसो. तरी सही मागणारे दवाखाने आहेत. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने तिचं नाव गुप्त ठेवणंही बंधनकारक केलं.

गोळ्या घेतल्यावर चौथ्या दिवशी घरी लघवीची तपासणी करू नका. दोन रेघा तीन-चार आठवडेही दिसत राहतात. पंधराव्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं असतं, तेव्हाच गर्भनिरोधकाचं विचारून घ्या. पुढची पाळी येण्याआधीही पुन्हा दिवस जाऊ शकतात.